भोक पाडलेला व्हॉल्व्ह

भावाच्या दुकानात शिरले ती तशीच काउंटरपाशी गेले आणि हातातला व्हॉल्व्ह त्याच्यासमोर आदळला. काचेखालचे नमुने खणखणले. एक गिऱ्हाईक उभं होतं, ते बिचारं दोन पावलं मागे सरकलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"व्हॉल्व्ह," भाऊ म्हणाला. "परवा तुझ्याच हाती पाठवला होता."

"ते दिसतंय मला. हे त्यातलं भोक काय आहे? सख्ख्या बहिणीच्या घरी फुटका माल पाठवतोस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमची आई म्हणायची, या पोरीची जीभ आधी धावते आणि डोकं मागून धापा टाकत येतं. पण त्या दुपारी मला राग यायला कारण होतं. सकाळी यांना कंत्राटदाराची गाडी न्यायला आली म्हणून स्कूटर घरीच राहिली होती. बाजाराची पिशवी ठेवायला मी सीट उचलली, तर खाली यांच्या जुन्या शर्टात गुंडाळलेला हा व्हॉल्व्ह. नवा कोरा. वापरलेलाच नव्हता. हँडल फिरवून आत बघितलं आणि माझ्या सगळं लक्षात आलं. माझ्या भावाने खराब माल दिला, नवऱ्याला तो कळला, आणि बायकोला माहेरचा कमीपणा वाटू नये म्हणून त्यांनी तो गपचूप लपवून ठेवला. नवरा इतका भला आणि भाऊ असा. मी पिशवी तिथेच टाकली आणि निघाले.

आता या दोघांचं सांगायला हवं. माझा नवरा पाइपची कामं करतो, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. भाऊ व्हॉल्व्ह विकतो. एकाचा माल, दुसऱ्याचा हात, अशी जोडी छान जमली होती. मग एका हॉटेलच्या बॉयलरखोलीत एक व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. मालकासमोर, नोकरांसमोर माझा भाऊ बोलून गेला, "माल माझा चोख आहे. हाताचा दोष असेल." यांनी पाना पिशवीत टाकला आणि घरी आले. तेव्हापासून दोघांचा अबोला. दुसरं वर्ष लागलं त्याला.

गंमत म्हणजे काम सुटलं नाही. यांना दुसऱ्या दुकानातला माल पसंत पडेना, आणि भाऊ आपल्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या कुणा फिटरचं नाव सांगेना. मग मध्ये कोण? मी. "त्याला सांग, दोन इंचीचे चार हवेत." "त्यांना विचार, आत वाफ आहे की पाणी." एका खोलीत समोरासमोर बसलेले असले तरी तेच. "विचार तुझ्या भावाला, चहात साखर किती." मी दोघांचं टपाल झाले होते, आणि तेही बिनपगारी. बॉल व्हॉल्व्हमध्ये माझं डोकं कधी चालायला लागलं ते मलाच कळलं नाही. आत एक पोकळ गोळा असतो, त्यात आरपार वाट. हँडल पाइपच्या रांगेत केलं की वाट पाइपला जुळते आणि पाणी जातं. हँडल आडवं केलं की गोळ्याची भरीव बाजू समोर येते आणि पाणी थांबतं. सोपं आहे. या व्हॉल्व्हच्या त्या भरीव बाजूलाच एक बारीक भोक होतं. जिथे अडवायचं तिथेच भोक. याला फुटका नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

एरवी असं काही म्हटलं असतं तर भाऊ चवताळला असता. मुलीला स्थळ बघावं तसा तो व्हॉल्व्ह निवडतो. आतून काय जाणार, किती गरम, किती दाब, हे विचारल्याशिवाय साधा नळसुद्धा देत नाही. पण त्या दिवशी तो चिडला नाही. त्याने व्हॉल्व्ह उचलला, उलटसुलट करून बघितला आणि हळूच म्हणाला, "हा इथे आहे, तर तिथे काय बसवलंय?"

"तिथे म्हणजे?"

"कापडाच्या कारखान्यात. पेरॉक्साइडच्या लाइनवर."

"यांनी स्वतःच्या पेटीतला बसवला असेल. तो जुन्या डेअरीतून आणलेला, स्टीलचा, जड. काल संध्याकाळभर स्वयंपाकघरात बसून घासत होते. तुझ्या या डबड्यापेक्षा शंभर पटीने चांगला आहे तो."

"नुसता घासला?"

"घासला, पुसला, ग्रीस लावलं. एका बोटाने फिरत होतं हँडल."

"ग्रीस लावलं," भाऊ म्हणाला. "किती?"

"भरपूर. तुझ्यासारखा कंजूष नाही माझा नवरा."

भाऊ स्टुलावर बसला. त्याचा चेहरा बघून माझ्या तोंडातलं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. लहानपणी विहिरीत बादली पडली होती तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, आणि तेव्हाही चूक त्याची नव्हती.

"ताई, ऐक," तो म्हणाला. "जखमेवर औषध टाकलं की फेस येतो, बघितलंयस ना? ते पेरॉक्साइड. तिथे टाकीत आहे ते त्याच्या कितीतरी पट जहाल. ते स्वस्थ बसत नाही. आपल्या आपणच त्यातून हवा सुटत राहते. उघड्या टाकीत सुटली तर काही बिघडत नाही. पण बॉल व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या पोटात थोडं अडकतं. पुढे जायला वाट नाही, मागे जायला वाट नाही. हवा सुटतच राहते. मग काय होईल?"

मी व्हॉल्व्हमधल्या त्या भोकाकडे बघितलं.

"म्हणून भोक. ते मुद्दाम पाडलेलं असतं, एकाच बाजूला. ती बाजू टाकीकडे ठेवायची, म्हणजे पोटातली हवा टाकीत निघून जाते. दुसरी बाजू भरीव, ती अडवायचं काम करते. म्हणून तर व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे ठेवायला सांगितलं होतं."

"आणि ग्रीस?"

"ग्रीस, घाण, गंज, काहीही लागलं की ते आणखी भडकतं."

मी यांचा मोबाइल लावला. बंद. मग आठवलं, रसायनांच्या आवारात मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करतात. गेटचा नंबर माझ्याकडे होता. रखवालदार ओळखीचा, आवाजावरून ओळखतो.

"मिस्त्री कुठे आहेत?"

"लाइनवरच आहेत, वहिनी. लाइन सकाळीच भरली. आता व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय. जेवण झालं की मोठे साहेब येऊन मशीन सुरू करणार आहेत."

"त्यांना निरोप द्या. आत्ताच्या आत्ता. म्हणावं, माझ्या भावाने सांगितलंय, तो व्हॉल्व्ह चालणार नाही, त्याच्यापासून लांब व्हा."

बोलताना काही वाटलं नाही. बोलून झाल्यावर मात्र जीभ चावली. भाऊही माझ्याकडे बघत राहिला.

"माझं नाव कशाला घेतलंस?"

"सवय झालीय रे. दुसरं वर्ष तेच करतेय."

रखवालदार परत आला तेव्हा हसत होता. "वहिनी, मिस्त्री म्हणाले, भावाला म्हणावं आपलं दुकान सांभाळ."

"अहो, पुन्हा जा. म्हणावं, मी सांगतेय." पण तिकडे कुणीतरी ट्रकचा हॉर्न दाबून धरला होता. "थांबा, गाडी आलीय," असं म्हणून त्याने फोन ठेवला. नंतर लावला तर एकसारखा एंगेज.

भाऊ काउंटरमागून बाहेर आला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "दुकानाकडे जरा लक्ष ठेवा, आलोच." ते गिऱ्हाईक कोण, कुठलं, देव जाणे. मला तर वाटतं तो माणूस फक्त वॉशर घ्यायला आला होता.

स्कूटर मी चालवली. भाऊ चालवतो तशी चालवली असती तर पोचेपर्यंत दिवस मावळला असता. तो मागे बसला होता, तो भोकाचा व्हॉल्व्ह मांडीवर धरून. बाजाराची गर्दी, मग शाळा, मग पूल. पुलावर एक पाण्याचा टँकर मागे घेत होते आणि एक माणूस हात हलवत "येऊ दे, येऊ दे" करत होता. मी फुटपाथवरून काढली. लोकांनी शिव्या दिल्या, त्या त्यांच्या बाजूने योग्यच होत्या.

"किती वेळ लागतो?" मी मान न वळवता विचारलं.

"सांगता येत नाही. स्वच्छ असता तर आणखी बराच वेळ निघाला असता. पण ग्रीस आहे."

"मग आता काय करायचं?"

"सगळ्यांनी लांब व्हायचं. लांबून पाणी मारत राहायचं, थंड होईपर्यंत. हँडल थोडं फिरवलं तर दाब पाइपात सुटेल, पण फिरवणारा अगदी समोर येतो."

"फिरवणार कोण?"

त्याने मांडीवरचा व्हॉल्व्ह घट्ट धरला. मग म्हणाला, "मी."

"तुझी पोरं अजून शाळेत आहेत."

"भोक कशासाठी आहे ते मी सांगायला हवं होतं, ताई. नुसता बाण कुठे करायचा तेवढंच सांगितलं. म्हटलं, जास्त सांगितलं तर म्हणतील, मला शिकवतो का."

"म्हणतील कशाला, म्हणालेच," मी म्हटलं. "'बॉल व्हॉल्व्हला कसला आलाय बाण, दोन्हीकडून सारखाच असतो. तुझा भाऊ आता मला शिकवणार का?' असं म्हणाले होते परवा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्यात आग लावायची होती का मी? दोघांची निम्मी बोलणी मी गिळते, म्हणून तुमचं आजवर चाललंय."

मला एकदम कळलं की त्याने अर्धं सांगितलं, मी त्यातलं अर्धं पोचवलं, यांनी तेवढंही ऐकलं नाही. आणि ते जे उरलं होतं, त्याच्यापाशी आत्ता माझा नवरा बसला होता. मी गाडी आणखी पिटाळली.

गेटवर वेगळंच नाटक. कामाचं लायसन्स माझ्या नावावर आहे, म्हणून माझ्याकडे पास होता. भावाकडे नव्हता. रखवालदार हात आडवा धरून उभा. "त्यांना नाही सोडता येणार, वहिनी. साहेब मला घरी बसवतील." भाऊ त्याच्याशी बोलायला लागला आणि मी हेल्मेट डोक्यावर ठेवून पळत सुटले. पट्टासुद्धा लावला नाही.

टाकीचं आवार गेटच्या उजव्या अंगाला आहे. एका बाजूला जाळीचं कुंपण, जाळीपलीकडे रस्ता. पांढरी उंच टाकी, भोवती गुडघाभर उंचीचा सिमेंटचा बांध, आणि बांधातून बाहेर आलेला पाइप. शेडमधला मोठा पंखा घरघरत होता, त्यामुळे जवळच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. बाकीची माणसं जेवायला गेली होती. लांब खांबापाशी एक ऑपरेटर डबा उघडून बसला होता. आणि हे पाइपाशेजारी उकिडवे बसले होते, एकटेच, फडक्याने त्यांचा तो स्टीलचा व्हॉल्व्ह पुसत. साहेब येणार म्हणून चकचकीत करत होते.

"अहो, उठा," मी ओरडले. "लांब व्हा तिथून."

त्यांनी मान वर केली. "तू? इथे कशी? घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी ठीक आहे. तुम्ही उठा आधी."

"काय झालं ते तर सांग."

"तो व्हॉल्व्ह फुटणार आहे."

ते हसले. त्यांचं हसणं मला आवडतं, पण त्या वेळी त्यांच्या तोंडावर चापट मारावीशी वाटली. "हा? हा फुटणार? अगं, आपण दोघं जाऊ, हा राहील. तुझ्या भावाने पाठवला होता तो बघ. भोक पडलेला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"ते भोक मुद्दाम पाडलेलं असतं. पोटातली हवा जायला."

"हे कुणी सांगितलं? त्यानेच ना? आणि तू ऐकलंस. फुटका माल दिला, पकडला गेला, आता गोष्टी सांगतोय."

मला नीट सांगता येईना. भावाच्या तोंडून ऐकलं तेव्हा सगळं लख्ख कळलं होतं. तेच माझ्या तोंडून अंगणातल्या गप्पांसारखं बाहेर पडत होतं. हवा, पोट, ग्रीस, फेस. इतके दिवस इकडचं तिकडे पोचवलं, आणि आज जीव टांगणीला लागला होता तर एक निरोप धड पोचवता येत नव्हता. मी त्यांची बाही धरून ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"हात तर लावून बघ," ते म्हणाले. "जरा तापलाय, एवढंच. ऊन आहे."

मी हात लावला नाही. वर बघितलं. टाकीची सावली आमच्या दोघांवर होती, पाइपावर होती, व्हॉल्व्हवरही होती.

"ऊन कुठे आहे?" मी म्हटलं.

त्यांनीही वर बघितलं. मग उजवा हात पाइपावर ठेवला आणि डावा व्हॉल्व्हवर. पाइप गार असणार, कारण त्यांच्या कपाळाला आठी पडली. चटका बसल्यासारखा डावा हात त्यांनी काढून घेतला. मला वाटलं, सुटलो. आता उठतील.

पण मिस्त्री तो मिस्त्रीच. त्यांनी हँडल धरलं. काल एका बोटाने फिरणारं हँडल जागचं हललं नाही. पुन्हा जोर लावला. नाही.

"माझ्या हातचा व्हॉल्व्ह अडकतो म्हणजे काय," ते पुटपुटले आणि पाना उचलला. मोठा, लांब दांड्याचा. तो हँडलवर बसवला आणि पाय रोवले. मला म्हणाले, "तू हो बाजूला."

मला बाजूला व्हायला सांगत होते. म्हणजे कुठेतरी पटलं होतं त्यांना. तरी स्वतः हटायला तयार नाहीत. मी त्यांच्या शर्टाची मागची बाजू दोन्ही मुठींत धरली आणि मागे ओढत राहिले, आणि ते पुढे रेटत राहिले. मला रडू फुटलं होतं. मी रडत रडत त्यांना शिव्या देत होते, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

"दाजी."

आवाज जाळीकडून आला. भाऊ रस्त्याच्या बाजूने फिरून जाळीपाशी येऊन उभा होता, दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवून. इतक्या काळात त्याने यांना हाक मारली नव्हती. माझ्याशी बोलताना 'ते', 'त्यांना', 'तुझे मिस्त्री', असंच चालायचं.

यांचे हात थांबले.

"दाजी, इकडे या," भाऊ ओरडला. पुढे आणखीही काही ओरडला, पण पंख्याच्या घरघरीत मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं. त्यात 'चुकलं माझं' होतं, एवढं मी शपथेवर सांगते.

यांनी पाना तसाच हँडलवर सोडला आणि उठले. व्हॉल्व्हकडे वळूनही न बघता जाळीकडे चालायला लागले. कुणी हाक मारली की माणूस जातो तसे, साधेपणाने. मी शर्ट धरून मागोमाग. जाळी अजून लांब होती तेव्हा तो आवाज झाला.

आवाजापेक्षा मला त्यानंतरची शांतता आठवते. पंखा चालू असणार, पण मला ऐकू येत नव्हता. मी जमिनीवर होते आणि हे माझ्यावर होते. त्यांनी मला खाली पाडलं की आम्ही दोघं पडलो, ते अजून ठरलेलं नाही. त्यांच्या मानेवर आणि हातांवर पाण्यासारखं काहीतरी उडालं होतं आणि तिथली कातडी बघता बघता पांढरी पडत होती. मागे पाइपाच्या तोंडातून धार लागली होती. तो लांब दांड्याचा पाना बांधाच्या सिमेंटमध्ये रुतून उभा होता. जिथे हे बसले होते, त्याच्या बरोबर मागे, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर.

पुढचं सगळं घाईत झालं. ऑपरेटरने खांबावरची कळ दाबून टाकीच्या बुडाशी असलेला दुसरा व्हॉल्व्ह बंद केला. माझा भाऊ, ज्याला जिना चढताना दम लागतो, तो जाळी चढून आत उतरला. पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाटली. त्याने यांना बखोटीला धरून आवारातल्या शॉवरखाली नेलं आणि साखळी ओढली. दोघंही चिंब भिजले. हे बाहेर यायला बघत होते आणि भाऊ त्यांना धरून ठेवत होता. "अजून, दाजी. थोडं अजून," असं म्हणत त्यांच्या मानेवर हाताने पाणी चोळत होता. मी बाजूला उभी होते. कुणीतरी माझ्या हातात कुणाच्या तरी डब्यातलं पाणी दिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळे वाचले, कातडी महिन्याभरात भरून येईल, कानांना मात्र दणका बसलाय. एका कानाचा पडदा फाटलाय. काही आठवडे मोठ्याने बोलावं लागेल. मी म्हटलं, त्याची काळजी नको, आमच्याकडे तीच पद्धत आहे.

हे खाटेवर पडून होते, मानेला आणि हातांना पट्ट्या. मला जवळ बोलावलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ओरडून विचारलं, "तो जाळीपाशी काय म्हणाला?"

"तुम्ही ऐकलं नाही?"

"काय?"

मी कानाशी तोंड नेलं. "ऐकलं नाही का तुम्ही?"

"'दाजी' एवढंच ऐकू आलं. पुढचं नाही. काय म्हणत होता?"

म्हणजे हा माणूस माफी ऐकून उठला नव्हता. व्हॉल्व्हचं पटलं म्हणूनही नाही. नुसत्या एका हाकेवर उठला होता. मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोघांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. ही एक हाक वर्षावर घशात धरून बसला होता माझा भाऊ.

उत्तर माझ्या ओठांवर होतं. सवयच ती. तो म्हणाला, चुकलं माझं. दोन शब्द, मी पोचवले असते की झालं. पण मी तोंड मिटलं आणि बाहेर गेले.

भाऊ बाकावर बसला होता, फाटकी पँट हाताने धरून. "शुद्धीवर आहेत ना?" त्याने विचारलं. "त्यांना सांग..."

"मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुझं तू जा आणि सांग. आणि मोठ्याने बोल, त्यांना ऐकू येत नाही."

तो उठला आणि आत गेला. मी दारात उभी राहिले. खोलीत आणखी चार खाटा होत्या, सगळे पेशंट जागे होते.

"दाजी," तो म्हणाला.

"काय?"

"चुकलं माझं."

"मोठ्याने बोल."

"चुकलं माझं," भाऊ ओरडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने पांघरूण खाली घेऊन बघितलं.

हे म्हणाले, "चूक कशाची? मालाची की हाताची?"

"तोंडाची, दाजी."

यांनी पट्टी बांधलेला हात थोडा सरकवून खाटेच्या कडेला जागा केली. भाऊ बसला. मला वाटलं, आता यांच्यातला एकजण माझ्याकडे बघून 'त्याला सांग' म्हणणार. मी तयारच होते.

हे वळले ते भावाकडेच. बरा असलेला कान त्याच्याकडे केला आणि विचारलं, "ते भोक कुठल्या बाजूला करायचं म्हणालास?"

"टाकीच्या बाजूला."

"हं?"

"टाकीच्या."

"आणि ग्रीस अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

मग भावाने खिशातून तो भोकाचा व्हॉल्व्ह काढला. इतका वेळ तो त्याच्या ओल्या खिशातच होता. दोघं त्यावर वाकले आणि हँडल फिरवून आत बघायला लागले. मला कुणी काही विचारलं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले, आणि मग तिघांसाठी चहा आणायला खाली गेले.